कारखानदाराचं चरित्र लिहायला घेताय?

ज्यांच्यावर लिहायचं आहे त्यांचा पुतळा, तैलचित्र, टपाल तिकीट आणि शाळेच्या पुस्तकातला धडा पहिले दोन महिने नजरेआड ठेवा. पुतळ्याकडे बघत लिहिलेलं पुस्तक पुतळ्यासारखंच होतं. मी अशी निदान सात पुस्तकं लिहून दिली आहेत, म्हणून खात्रीनं सांगते.

गेली सव्वीस वर्षं माझं हेच काम आहे. स्मरणिका, गौरवग्रंथ, सुवर्णमहोत्सवी अंक, आणि दोन खरीखुरी चरित्रं. निम्म्याहून जास्त पुस्तकांवर माझं नाव नाही, त्याची तक्रारही नाही, कारण त्यातली बरीच माझ्या नावावर नसलेलीच बरी. आता नव्या मुलामुलींना कुठल्या ना कुठल्या उद्योगसमूहाकडून असं काम येतं आणि ती माझ्याकडे विचारायला येतात, तेव्हा मी जे सांगते ते इथे लिहिते आहे. उदाहरणासाठी उद्योगपती वालचंद हिराचंद घेते. एक तर ते आमच्या सोलापूरचे. दुसरं म्हणजे या प्रकारच्या लेखनात जेवढे खड्डे असतात तेवढे सगळे त्यांच्या एका आयुष्यात सापडतात.

पहिलं काम: खतावणी उघडा. लांबट, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. माणसाच्या प्रत्येक धंद्याला एक पान. वालचंदांची किमान दहा-बारा पानं होतील: रेल्वेचे ठेके, बांधकाम कंपनी, जहाजं, साखर, विमानं, जहाजबांधणी, मोटारी. प्रत्येक पानावर चार रकाने पाडा. काम कुणी दिलं, पैसा कुणाचा, जमीन कुणाची, नकार कुणाचा. तारखा समासात. ‘दूरदृष्टी’, ‘जिद्द’, ‘ध्येयवेड’ यांना रकाना नाही. ते शब्द नंतर आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही.

आता पहिलं पान भरून बघू. वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणं जैन व्यापाऱ्यांचं, गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेलं. कापूस आणि सावकारी. गौरवग्रंथात इथे लगेच वाक्य येतं की, वडिलोपार्जित धंद्यात त्यांचं मन रमेना. शक्य आहे. पण तुमच्या वहीत असं लिहायला हवं: बार्शी लाइट रेल्वे, येडशी ते तडवळे, जोडीदार लक्ष्मणराव फाटक. हे फाटक रेल्वेत कारकून होते. ठेका कसा भरतात, बिल कसं पास होतं, कुठल्या साहेबाची सही कुठे लागते हे त्यांना ठाऊक. पैसा उभा करण्याची ऐपत वालचंदांच्या घरात. म्हणजे आरंभी दोन गोष्टी एकत्र आल्या, सावकाराच्या घरची पत आणि कारकुनाला असलेली कागदाची माहिती. फर्मचं नाव ‘फाटक-वालचंद’ होतं, फाटक आधी. चरित्रांमध्ये हे फाटक दुसऱ्या प्रकरणानंतर दिसेनासे होतात. तुम्ही त्यांना तसं जाऊ देऊ नका. प्रत्येक मोठ्या माणसाच्या सुरुवातीला एक फाटक असतो, तो शोधा.

बार्शी लाइट अडीच फुटी रुळांची होती. इतकी अरुंद गाडी आणि तिच्यावरचा छोटासा ठेका. पण पुढचे ठेके याच वाटेनं आले. १९२० साली टाटांबरोबर बांधकाम कंपनी, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे. इथे ‘काम कुणी दिलं’ हा रकाना बघा. स्वदेशीचा झेंडा घेतलेल्या या माणसाचा पाया ब्रिटिशांच्या रेल्वेची आणि सरकारची कामं घेऊन घातला गेला. काही लेखक यावर रंगसफेदी करतात, काही ‘दुटप्पीपणा’ म्हणून ओरडतात. दोन्ही कशाला? त्या काळात मोठं बांधकाम काढणारे होते कोण? सरकार, रेल्वे, नगरपालिका, संस्थानं. ठेकेदार तिथेच जाणार. एवढं साधं वाक्य लिहायला लेखक लाजतात.

आता योगायोगाच्या गोष्टी. या फार जपून हाताळायच्या.

वालचंदांच्या आयुष्यात अशा दोन प्रसिद्ध गोष्टी आहेत. एक आगगाडीतली. १९१९ साली प्रवासात एका ओळखीच्या इंग्रज गृहस्थाकडून त्यांना कळलं की, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज विकायला निघालंय. मूळचं हे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ नावाचं प्रवासी जहाज, १८९१ चं. पहिल्या महायुद्धात त्याचं रुग्णालय-जहाज केलं होतं. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतलं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. दुसरी गोष्ट विमानातली. १९३९ मध्ये पॅसिफिक ओलांडताना सहप्रवासी म्हणून विल्यम पॉली हा अमेरिकन भेटला. तो चीनमध्ये विमानं बनवायच्या धंद्यात होता. गप्पा झाल्या आणि त्यातून बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला.

दोन्ही गोष्टी छान आहेत आणि वाचकाला हव्याच असतात, तेव्हा गाळू नका. फक्त प्रत्येक गोष्टीखाली वहीत तीन ओळी लिहा. त्या वर्षी जगात काय चाललं होतं? अशी बातमी त्याच डब्यातल्या दुसऱ्या कुणाला कळली असती, तर त्यानं काय केलं असतं? आणि या माणसाच्या हाताशी त्या दिवशी काय होतं? उत्तरं काढलीत की दिसतं, एक योगायोग महायुद्ध संपता संपता घडला, जगभर जहाजांची ओढाताण असताना. दुसरा महायुद्ध सुरू होता होता, जेव्हा विमानं मिळत नव्हती. दोन्ही वेळी वालचंदांच्या मागे भांडवल घालायला तयार असलेली माणसं होती. नुसतं ‘नशीब’ लिहिलंत तर दोन महायुद्धं तुमच्या हातून निसटली म्हणून समजा.

एक आडवळणाची सूचना. अशी गोष्ट कुटुंबातल्या तिघांकडून वेगवेगळी ऐका. तिघांनी अक्षरशः सारखी सांगितली, तर ती त्यांनी आधीच्या एखाद्या स्मरणिकेतून उचललेली आहे. एकदा तर मला एक आजी माझंच पंधरा वर्षांपूर्वीचं वाक्य स्वतःची आठवण म्हणून सांगत होत्या. मी मुकाट्यानं टिपून घेतलं.

चौथा रकाना, नकाराचा, मला सगळ्यांत आवडतो. होकार देणारा माणूस पुढे सत्काराला येतो, भाषण करतो, त्याची साक्ष गोड असते. नकार मात्र कागदावर राहतो. तो देणाऱ्याला कारण लिहावं लागतं, त्यावर वरचा अधिकारी शेरा मारतो आणि फाइल बांधून ठेवतात. सिंदियाला जहाजबांधणीचा कारखाना कलकत्त्याला काढायचा होता. तिथे जागा मिळाली नाही, म्हणून मंडळी विशाखापट्टणमला गेली. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये जपान्यांनी त्या गावावर बॉम्ब टाकले. मोटार कारखान्याचंही तसंच: विश्वेश्वरय्यांपासून सगळे खटपट करत होते, दिल्लीकडून मदत नव्हती. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहायला १९४४ उजाडलं, क्रायस्लरशी करार करून, कुर्ल्याला.

सगळ्यांत खडबडीत पान मात्र जहाजांच्या दरांचं. सिंदिया समुद्रात उतरल्यावर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया या आगबोट कंपनीनं भाड्याचे दर पाडायला सुरुवात केली. ज्याच्या गाठीला जास्त पैसा तो तगणार, असा सरळ हिशेब. गौरवग्रंथातला वालचंद इथे छाती काढून उभा राहतो आणि प्रकरण संपतं. खऱ्या वहीत पुढे नोंद आहे: काही वर्षांनी सिंदियानं करार केला. दहा वर्षं फक्त किनाऱ्यालगतची वाहतूक, परदेशी मार्गांवर जायचं नाही, जहाजांच्या टनांवरही मर्यादा. म्हणजे तगण्याची किंमत मोजून सिंदिया त्याच कंपन्यांच्या पंगतीत बसली. हा पराभव होता की शहाणपण, हे तुम्ही ठरवू नका. कराराची कलमं वाचकापुढे ठेवा. आणि ज्या दर्यावर्दी भाषणांत या कराराचा उल्लेख नाही, ती भाषणं पुस्तकात अर्ध्या पानाच्या वर देऊ नका.

हे सगळं मिळतं कुठे? वालचंदांचे कागद दिल्लीला तीन मूर्ती भवनात आहेत. इतर कारखानदारांचे बहुधा कुठेच नसतात, गोदामात असतात किंवा रद्दीत गेलेले असतात. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. तिथे माणसाच्या नावानं फाइल मागू नका, मिळणार नाही. खातं आणि साल सांगा: महसूल खातं, सार्वजनिक बांधकाम खातं, अमुक साल ते तमुक साल. मग सूचीच्या जाडजूड पुस्तकांतून ओळ न् ओळ बोट फिरवत बसा. पहिल्या आठवड्यात काही हाती लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात शिपाई चहाला विचारतो. त्यानंतर कागद सापडायला लागतात, यामागे काय शास्त्र आहे मला माहीत नाही.

जमिनीसाठी गावात जा. आजच्या सातबाऱ्यावर फक्त आजचा धनी दिसतो. तुम्हाला जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, हव्यात. कुणाकडून घेतली, किती वेळा, खरेदीनं की खंडानं, म्हणजे भाडेपट्ट्यानं. सरकारनं संपादन करून दिली असेल, तर १८९४ च्या कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याचं वेगळं प्रकरणच होतं, त्याखालची अधिसूचना राजपत्रात छापलेली असते. कारखानदाराच्या चरित्रात ‘ओसाड माळरानावर नंदनवन फुलवलं’ हे वाक्य जवळजवळ सक्तीचं असतं. कधी ते खरंही असतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ कारखाना हलवला, तिथे निवडुंग आणि साप होते हे सगळेच सांगतात. पण माळरानही कुणाच्या तरी शेळ्यांचं कुरण असतं. आणि मुळशीला तर भातशेती होती. १९२१ साली तिथे टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मावळे शेतकरी आडवे झाले, ते काही ओसाड रानासाठी नव्हे.

वालचंदांच्या वहीत हे पान उसाचं. मालेगाव तालुक्यात रावळगाव, इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर. मैलोन् मैल ऊस, आपली रेल्वे, आपली कॉलनी, आपला भोंगा. एका खासगी कंपनीचा एवढा मोठा मळा देशात दुर्मीळच. जमिनीचा बराचसा भाग अशा कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडानं घेतला होता. पुढे १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, मळे सरकारकडे गेले, १९६३ मध्ये त्यांच्यासाठी शेती महामंडळ निघालं. रावळगाव आणि वालचंदनगर दोन्ही त्यात. मूळ जमीनमालक, ज्यांना आपण खंडकरी म्हणतो, ते मग सरकारशी भांडत राहिले आणि जमिनी परत मिळायला २०१२ नंतरचा काळ यावा लागला. तोवर ज्या शेतकऱ्यानं खंडपत्रावर अंगठा उठवला होता त्याचा नातूसुद्धा म्हातारा झालेला. हे प्रकरण चरित्रनायकाच्या मृत्यूनंतरचं आहे, म्हणून पुस्तकात नको, असं मला एका संपादकानं सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाबद्दल, पण मुद्दा हाच. मी म्हटलं, मग पुतळ्याचं अनावरणही मृत्यूनंतरचंच आहे, तेही काढूया. ते मात्र राहिलं.

आणखी एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय जुन्या कारखानदाराची ताकद कळणार नाही: मॅनेजिंग एजन्सी. आजची पिढी कंपनी म्हटलं की जास्त शेअर ज्याचे तो मालक, असं धरते. पूर्वी कंपनी चालवायचा करार दुसऱ्या फर्मशी असायचा आणि ती फर्म घरची असायची. तिचं कमिशन ठरलेलं. भागधारक गावोगावचे, त्यांतले बहुतेक सर्वसाधारण सभेला यायचेच नाहीत. म्हणून थोड्या भांडवलावर एक घर साखर, बांधकाम आणि यंत्रं एकाच वेळी चालवू शकायचं. ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली. जुन्या वार्षिक अहवालात संचालकांची नावं वाचून पुढे जाऊ नका. एजंट कोण ते बघा. त्या एका ओळीत सगळी सत्ता बसलेली असते.

संप, अपघात, टाळेबंदी यांचं काय करायचं, हे मला माझ्याच चुकीनं शिकवलं. एका फाउंड्रीमालकाचा गौरवग्रंथ करत होते. संपाचं प्रकरण मी वीस पानांचं लिहिलं होतं. ते दहा झालं, मग दोन, आणि शेवटी छापलं गेलं ते असं: ‘मध्यंतरी काही काळ कामगारांमध्ये गैरसमज पसरले होते.’ ते वाक्य माझंच. मीच सुचवलं, कारण उरलेली रक्कम अडकली होती. प्रकाशनाच्या दिवशी मंगल कार्यालयात एक म्हातारा मोल्डर आला, पुस्तक हातात घेतलं, बराच वेळ पानं उलटत राहिला. मग म्हणाला, “बाई, आमच्या चौऱ्याऐंशी दिवसांचं काय केलंत?” मी त्याला जेवून जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून मी लेखी ठरवून घेते. संपाला किमान चार पानं, आणि त्यात एक तरी बोलणं कामगाराचं, त्याच्या शब्दांत. कबूल असेल तर पुढे बोलू. आगाऊ रक्कम निम्मी. हे आधीच केलंत तर नंतर भांडण होत नाही. कुणी कबूल झालं नाही, तर स्मरणिका लिहून द्या, पैसे घ्या, पण तिला चरित्र म्हणू नका.

खासगी आयुष्यावर मी फार लिहीत नाही. आजारपण, लग्नं, भावाभावांतलं वाटप, एवढं धंद्याला लागू असतं तेवढं पुरे. वालचंदांना १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर त्यांनी कारभारातून अंग काढलं आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातेत सिद्धपूरला ते वारले. ‘लॉयल्टी’च्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी, वर्षं चौतीस पुढे. असल्या तारखा लेखकाला मोहात पाडतात. लिहा, पण त्यावर परिच्छेद रचू नका.

मग वारसा. इथे सगळे लेखक अचानक थकतात आणि यादी देऊन मोकळे होतात. मी एक साधी युक्ती वापरते: खतावणीचं प्रत्येक पान कुणाच्या नावावर बंद झालं ते बघते. दारावर आज कुठली पाटी आहे?

बंगळूरचा विमान कारखाना २३ डिसेंबर १९४० ला नोंदला गेला. म्हैसूर सरकारनं आणि वालचंदांनी प्रत्येकी पंचवीस लाख घातले, जमीन म्हैसूरनं दिली, दिवाण मिर्झा इस्माईल मागे उभे. १९४२ मध्येच हिंदुस्थान सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आज पाटी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. विशाखापट्टणमला १४ मार्च १९४८ ला नेहरूंनी ‘जल उषा’ पाण्यात सोडली, आणि १९५२ मध्ये कारखान्याचा मोठा हिस्सा सरकारकडे जाऊन हिंदुस्थान शिपयार्ड झालं. म्हणजे त्यांची सगळ्यांत धाडसी दोन पानं सरकारच्या नावावर बंद झाली. यातलं एक त्यांच्या हयातीत, ब्रिटिशांकडून. दुसरंही हयातीतच, पण स्वतंत्र भारताकडून. ज्या राष्ट्रासाठी उद्योग काढले असं ते म्हणत, त्या राष्ट्रानं ते स्वतःकडे घेतले. त्यांना याचं बरं वाटलं की वाईट, हे त्यांच्या कागदांत शोधा, आपल्या मनानं लिहू नका.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन घराण्याकडे राहिली. कोयना धरण आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू तिचेच. वालचंदनगरच्या कारखान्यातून साखरेच्या यंत्रांपासून अग्निबाणांच्या भागांपर्यंत माल गेला. प्रीमियरच्या फियाटला आपण पद्मिनी म्हणून ओळखलं. तिची शेवटची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. रावळगावच्या गोळीचं नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सनं सत्तावीस कोटींना घेतलं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजवर नाव आहे, बॅलार्ड इस्टेटमध्ये रस्त्यावर आहे. मी एकदा तिथे चहाच्या टपरीवर दोन तरुणांना विचारलं, वालचंद कोण? एक म्हणाला, “कॉलेज.” अर्धं उत्तर बरोबर होतं.

शेवटचं काम खरं तर पहिल्या महिन्यातच करायचं. फोटो. कुटुंबाकडून मिळालेल्या समूहछायाचित्रात पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांची नावं पाठीमागे लिहिलेली असतात. मागच्या दोन रांगा कोऱ्या असतात. त्या फोटोची मोठी प्रत काढा, जाड कागदावर, आणि कारखान्याच्या जुन्या कॉलनीत घेऊन जा. हनुमानाच्या देवळाच्या पारावर संध्याकाळी बसा. मोबाइलवर दाखवू नका, म्हाताऱ्यांना दिसत नाही आणि अंगठा लागून फोटो पळतो. सोबत पेन्सिल ठेवा. “हा भट्टीवरचा”, “हा टाइम ऑफिसातला”, “ह्याची बोटं गेली होती बघा प्रेसमध्ये”, असं येत राहील. प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि आकड्यासमोर नाव लिहून घ्या. सांगणारे आता ऐंशीच्या पुढचे आहेत. पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका.